पानाआडचे हिरडे

सांगलीच्या स्टँडवर आकाराम राहीबाईच्या तोंडाकडे बघत बघत पुढं निघून गेला, तेव्हा तिला आधी हसूच आलं. तिला वाटलं, चेष्टा करतोय. तो इतका जवळून गेला, की त्याच्या खाकी शर्टाला येणारा पाचोळ्याचा आणि धुराचा वास तिला आला. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, क्षणभर टेकली आणि सरकली. गाडीवरची पाटी वाचावी, ती आपल्या गावाची नाही असं कळावं आणि पुढच्या गाडीकडे वळावं, तशी. तिचा हात अर्धा वर गेलेला. तो तिनं तसाच डोक्यावरच्या पदराकडे नेला, जसं काही पदर सारखा करायलाच उचलला होता. तासगावच्या गाडीला गर्दी उसळली होती. पाट्या, पोती, कडेवरची पोरं, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून आकारामची टोपी रसाच्या गुऱ्हाळापर्यंत गेली, तिथं थांबली, माघारी वळली. तो परत आला. पुन्हा बघत, मान उंच करून. या खेपेला ती म्हणाली, "आवं." तो दचकला आणि मग तोंडभर हसला. "हितं हायस व्हय! कवापासनं हुडकतोय तुला." त्यानं तिच्या हातातलं मांजरपाटाचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि तो साताऱ्याच्या गाडीकडे चालायला लागला. ती मागून चालली. हसू केव्हा विरून गेलं ते तिला कळलं नाही.

गाडीत तो खिडकीशी बसला, कारण त्याला झाडं बघायची असत. राहीबाई त्याच्या कडेला बसली आणि मनाशी म्हणाली, एवढंसंच तर झालं. गर्दीत चुकतं माणूस. पण हेच वाक्य ती कराड येईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि दर खेपेला ते थोडं झिजत गेलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. लग्न म्हणजे म्होतूर, दोघांचंही दुसरं. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती आणि तिला पहिल्या नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं होतं. सोडलं म्हणजे भांडण करून नव्हे. जत्रेला म्हणून आणलं आणि न्यायला आलाच नाही. वर्षभरानं कुणीतरी विचारलं तर म्हणाला म्हणे, व्हय की, आणायची ऱ्हायली. दुष्काळात मेंढरं गेली, बाप गेला, आणि ती आईबरोबर सांगलीजवळ माधवनगरला आली. तिथं कापडाच्या मिलमध्ये कांड्या भरायला लागली. आई पुढं थकली आणि गावाकडे धाकट्या भावाकडे गेली. राही एका खोलीत एकटी राहिली. भोंगा झाला की जायचं, भोंगा झाला की यायचं. आकाराम जंगलखात्यात गार्ड, मेढ्याच्या पुढच्या डोंगरात. महिन्या-दीड महिन्यानं यायचा, दोन दिवस राहायचा, हिरड्याच्या झाडांबद्दल बोलायचा आणि जाताना दर वेळी म्हणायचा, "चल की आता कायमची." ती म्हणायची, बघू. मिलमध्ये आता पर्मनंट करणार होते. आणि खरं म्हणजे, तिच्या मनात कुठंतरी असं होतं, की जिथं जाऊ तिथून माघारी यायची वाट आधी ठाऊक असावी.

या वर्षी मात्र काम अडलं होतं. साहेबांनी हिरड्याचा अंदाज मागवला होता. एका झाडावर किती फळ धरलंय, सगळ्या रानात मिळून किती पडेल, त्यातलं किती गोळा करू द्यायचं आणि किती झाडाखाली राहू द्यायचं, ते त्यावरून ठरणार होतं. मोजायला दोन माणसं लागत. एकाच झाडाकडे दोघांनी बघायचं, एकमेकांना न सांगता आकडा धरायचा, मग ताडून बघायचा. दुसरा गार्ड अर्जुना हिवतापानं घरी पडला होता. आणि पडणारं फळ झेलायला झाडांखाली बांधायच्या कापडी झोळ्या राहीबाईनंच शिवल्या होत्या, मिलमधल्या कटपीस मांजरपाटाच्या. तेव्हा आकारामनं साहेबांना विचारलं, साहेब हो म्हणाले, आणि ती मिलमध्ये रजा टाकून निघाली होती. सकाळी निघताना तिनं नवं लुगडं नेसलं होतं. आता गाडीत तिला वाटलं, जुनं नेसले असते तर ओळखलं असतं काय?

बाप आठवला. ज्योतिबा. संध्याकाळी मेंढरं वाड्याला लागली की तो काठीवर हनुवटी ठेवून उभा राहायचा. मोजायचा नाही. कळपावरून नुसती नजर फिरवायची, जशी बाई भाकरीवरून पाण्याचा हात फिरवते, आणि म्हणायचा, "भरलंय." किंवा म्हणायचा, "उणं हाय." उणं म्हणाला की उणंच असायचं. एका वर्षी, ती सात-आठ वर्षांची असेल, खंडाळ्याच्या अलीकडं मेंढरं बसली होती आणि ती एका झाडाखाली झोपून गेली. जाग आली तेव्हा माळ रिकामा. मेंढरं नाहीत, घोडी नाही, आई नाही. तिला रडायचंसुद्धा सुचलं नाही इतकं ते रिकामपण मोठं होतं. ऊन उतरलं तेव्हा बाप माघारी येताना दिसला. झुडपं काठीनं बाजूला करत, वाकून बघत. एका करवंदीच्या जाळीतून त्यानं त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू उचललं, खांद्यावर टाकलं. मग त्याला ती दिसली. "चल," म्हणाला. एवढंच. वाटेत त्यानं तिचं बोट धरलं होतं. घट्ट धरलं होतं, हेही तिला आठवत होतं. पण तो कोकरासाठी आला होता की तिच्यासाठी, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणून कैक वर्षं जपून ठेवलं आणि दुष्काळाच्या वर्षी विचारायचा माणूसच राहिला नाही.

रान तिला वाटलं होतं तसं नव्हतं. माणदेशी माळावर वाढलेल्या डोळ्यांना झाड म्हणजे एक एकटं झाड; लांबून दिसणारं, नाव असलेलं. इथं झाडांत झाड मिसळलेलं. खाली दरीत कोयनेचं पाणी धुक्याखाली निजलेलं, आणि वर चढावर हिरडेच हिरडे, जुने, जाड बुंध्यांचे. आकारामची दोन खोल्यांची चौकी चढाच्या पायथ्याशी होती आणि चौकीच्या अंगणातून तो तिला एकेक झाड असं दाखवत होता, जसं लग्नघरात पाहुणे दाखवावेत. "त्यो वाकडा. त्यो दुबेळक्याचा. त्याच्या पलीकडं म्हातारा हाय, पर अजून लय धरतोय." बोलताना त्याचा चेहरा उजळत होता. राहीबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, ही सगळी ओळखू येतात.

पहिले दोन दिवस झोळ्या बांधण्यात गेले. चार बांबू रोवायचे, त्यांना मांजरपाटाची चौकट बांधायची, मधे एक दगड ठेवायचा म्हणजे वाऱ्यानं फुगत नाही. पांढऱ्या झोळ्या झाडांखाली अशा दिसत होत्या, जशी काही प्रत्येक झाडानं ओटी पसरली आहे. मग मोजणी. उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं. झाडाच्या डोक्याचा एक भाग धरायचा आणि शिट्टी होईपर्यंत दिसेल ते फळ मोजायचं. शिट्टी आकाराम स्वतःच वाजवायचा, साहेबांनी दिलेल्या घड्याळाकडे बघून. "दिसंल त्येवढंच मोजायचं," त्यानं बजावलं होतं. "मनातलं त्यात घालायचं न्हाई." सुरुवातीला तिला नुसती पानं दिसली. मग डोळे निवले आणि पानांतून पिवळट हिरवी फळं बाहेर यायला लागली, शिरा असलेली, झुबक्यांनी टोकाला लोंबणारी. एक दिसलं की त्याच्या शेजारचं दिसायचं. मान दुखायला लागली, आणि तरी त्या दुखण्यात काहीतरी बरं होतं. मिलमध्ये कांडी भरताना डोळा धाग्यावर ठेवायचा म्हणजे तो तुटलेला दिसतो. धागा धड असला तर बघायचं काहीच नसतं. इथं जे आहे ते बघायचं होतं.

पहिल्याच झाडाला त्याचा आकडा तिच्या दुप्पट निघाला. तो हसला. "नवीन हायस. पुन्यांदा बघ." पुन्हा बघितलं. तिचा आकडा थोडा वाढला, त्याचाही वाढला. दुसऱ्या झाडाला तेच, तिसऱ्याला तेच. दुपारपर्यंत त्याचं हसू थोडं आखडलं. "राहे, तू पानाआडचं सोडतियास."

"पानाआडचं दिसत न्हाई मला."

"दिसत न्हाई, पर हाय की! मला ठावं हाय ना. ह्या फांदीला कवा बी कमी नसतंय."

"तुमीच म्हनला नव्हं, दिसंल त्येवढंच?"

त्यानं शिट्टी खिशात घातली. मग म्हणाला, "चल, भाकर खाऊ."

त्या दिवशी भाकरी खाताना वाडीतली तानुबाई आली. साठीची, काटक, पाटीत वाळके हिरडे. तिनं राहीबाईला खालवर बघितलं, मग सरळ विचारलं, "तूच व्हय गं मोजणारी? किती धरलंय म्हून सांगणार सायबाला?" राहीबाईनं आकारामकडे बघितलं. तो म्हणाला, "लय धरलंय तानुबाई. यंदा रान भरलंय." तानुबाईचं तोंड उतरलं. राहीबाईला त्याचं नवल वाटलं. तानुबाई म्हणाली, "भरलंय म्हून सांगशील तर ठेकंदार उतरवत्याल रानात. ट्रकभरून माणसं आणतोय त्यो. फांद्या झोडपून न्हेतोय. मागल्या भराच्या वर्साला आमाला काय ऱ्हायलं? आन् रानाला तरी काय ऱ्हायलं?" ती पाटी उचलून गेली. आकाराम तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, "म्हातारी उगा भितीया. रान लय मोठं हाय. सगळ्यांना पुरून उरंल." आणि वर बघायला लागला. तो हे खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर तसंच दिसत होतं, हे राहीबाईला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं, आणि त्याबरोबर त्याच्याबद्दल इतकी माया आणि इतकी भीती एकदम दाटून आली, की तिनं हातातला घास खाली ठेवला.

दुपारनंतर ती झाडं मोजायच्या आधी खाली बघायला लागली. का ते तिला सांगता आलं नसतं. कळपाच्या मागून चालणारं पोर जसं वर आभाळाकडे बघत नाही, खुरांकडे बघतं, तशी ती बुंध्यांभोवती फिरली. पाचोळा, जुन्या बिया, भेकराच्या लेंड्या. ती दुसऱ्या झाडाखाली गेली, तिसऱ्या. मग तिच्या लक्षात आलं काय नाही ते. लहान झाड नव्हतं. एक रोप नाही, कमरेएवढं नाही, मनगटाएवढ्या जाडीचं नाही. सगळे म्हातारे. बापाच्या आवाजात कुणीतरी आत बोललं, उणं हाय.

"आवं," तिनं हाक मारली, "ह्येच्यात पोरं कुठं हायत?"

"कसली पोरं?"

"झाडांची. कोकरं नसलेला कळप कदी बघितला का तुमी? त्यो कळप किती वर्सं चालायचा?"

आकाराम खाली आला. तिनं दाखवलं तिथं बघितलं. मग स्वतःहून पुढच्या झाडाकडे गेला, त्याच्या पुढच्या. टाचेनं पाचोळा उकरत बराच वेळ तो फिरत राहिला. इतकी वर्षं ज्या रानात तो रोज वर बघत चालला होता, तिथं तो पहिल्यांदा खाली बघत होता. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, घरातलं माणूस आजारी आहे हे शेजाऱ्यानं सांगावं तसं काहीतरी होतं. "दरसाल झाडून न्हेत्यात," तो हळू म्हणाला. "बी पडून ऱ्हातच न्हाई."

संध्याकाळी तो चुलीपुढं बसला. राहीबाईनं आमटी वाढली आणि चार दिवस घशाशी असलेलं एकदम बोलून टाकलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, जमला नाही. "स्टँडवर तुमी माझ्या तोंडाकडं बघून पुढं गेला."

"कवा?"

"त्या दिशी. सांगलीत. माझ्याकडं बघितलं आन् वळखलं न्हाई."

त्यानं घास हातातच धरला. आठवायला लागला. तो आठवतोय हे तिला दिसत होतं, गर्दी, गुऱ्हाळ, पाट्या. त्यानं काहीतरी सबब सांगितली असती, डोळ्यांवर ऊन होतं, घाई होती, तर तिनं ती घेतली असती आणि कुठंतरी ठेवून दिली असती, बाकीच्यांबरोबर. पण आकाराम विचार करून म्हणाला, "व्हय. एक बाई दिसली हुती गाठुडं घेतलेली. बारकीशी." मग अवघडून, चुलीकडे बघत, "माझ्या डोक्यात तू जरा उंच हायस, राहे. रानात ऱ्हातो तवा दिसतीस ना, तशी... लय मोठी दिसतीस. मी त्या बाईला हुडकत हुतो."

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. कुणीतरी आपल्याला उणं धरलं असेल, विसरलं असेल, मोजलं नसेल, याची तिला सवय होती. त्यासाठी तिच्याजवळ जागा तयार होती. जास्त धरलं जाण्यासाठी तिच्याजवळ जागाच नव्हती. ते कुठं ठेवायचं? उंच, मोठी, रानभर दिसणारी बाई आणि गाठोडं धरून उभी असलेली बारकी बाई, या दोघींच्या मधून हा माणूस मान उंच करून चालला होता, हुडकत. तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "आमटी गार हुतीया," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मी येवढीच हाय बरं का." तो म्हणाला, "असू दे की." आणि मग, जरा धीर करून, "पर पानाआडचं बी असतंयच काहीतरी." ती म्हणाली, "ते तुमी सायबाला सांगू नगा." दोघं हसली.

साहेब त्यानंतर तिसऱ्या दिवशी जीपमधून आले. तरुण, धापा टाकत चढ चढणारे, बोलायला मऊ. त्यांनी म्हाताऱ्या झाडाखाली उभं राहून विचारलं, "काय आकाराम, कसं काय आहे यंदाचं फळ? ठेकेदार रोज ऑफिसात येऊन बसतोय. भरपूर असेल तर सगळं रान खुलं करू, बेताचं असेल तर खालच्या अंगाला वाडीच्या लोकांना देऊ आणि वरचं राखू." आकाराम वर बघू लागला. राहीबाई बुंध्याच्या पलीकडं उभी होती. तिला ठाऊक होतं त्याला काय दिसतंय ते. पानाआड झुबकेच्या झुबके, फांदी न् फांदी वाकलेली. त्याचं रान. त्या रानाला बेताचं म्हणायचं म्हणजे घरी आलेल्यासमोर आपल्याच लेकराला रोडकं म्हणण्यासारखं. "साहेब," तो म्हणाला, "माझा आकडा धरू नगा."

"का रे?"

"मी दिसतंय त्यात घालतोय. मला ह्ये रान हाय त्येच्यापेक्षा जास्त दिसतंय. हिचा धरा." आणि मग घाईनं, "आन् साहेब, वर नगा बघू, खाली बघा. ह्येच्यात एक बी पोर न्हाई."

साहेबांनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. काही झाडांखाली ते स्वतः जाऊन आले, पँटला कुसळं चिकटवून. मग राहीबाईला म्हणाले, "बाई, तुम्हांला काय वाटतं?" तिच्या मतावर काही ठरणार आहे अशा रीतीनं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "दिसलं त्येवढं सांगितलं. पानाआडचं मला म्हाईत न्हाई. झोळ्या भरल्या की कळंल." साहेब म्हणाले, "मग झोळ्या भरेपर्यंत ठेकेदाराला थांबवतो. तोवर खालच्या अंगाला वाडीवाले उचलू देत. वरच्या झाडांना कुणी हात लावायचा नाही."

फळ पौषात पडायला लागलं. राहीबाईची रजा संपली, तिनं वाढवली; पुन्हा संपली. झोळ्यांत फळ टप्प टप्प पडायचं आणि दोघं फिरून ते गोळा करायची, वजन करायची, परत वरच्या झाडांच्या बुडात नेऊन पसरायची. तानुबाई खालून हाका मारायची. माघाच्या अखेरीला हिशेब झाला तेव्हा फळ राहीबाईच्या आकड्यापेक्षा चांगलंच जास्त निघालं आणि आकारामच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी. म्हणजे पानाआड होतं. पण तो म्हणत होता तेवढं नव्हतं. ठेकेदाराला परवाना मिळाला नाही. आकाराम त्या दिवशी जरा खट्टू होता, रानाबद्दल. मग म्हणाला, "तुझ्यापरीस जास्त निघालं का न्हाई पर?" आणि ती म्हणाली, "निघालं बाबा."

हिशेबाचे कागद साताऱ्याला पोचवायला तो सकाळी निघाला. धुकं अजून पाण्यावर होतं. राहीबाई अंगणात उभी होती, हातात त्याच्या भाकरीचं फडकं. ते देताना ती म्हणाली, "साताऱ्यासनं तसंच फुडं सांगलीला जावा."

"सांगलीला? कशाला?"

"माधवनगरची खोली सोडून या. मिलमधी सांगा, राही येत न्हाई म्हून. सामान घिऊन या."

आकाराम तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते यायला लागलं, झाडांकडे बघताना यायचं ते. तो भराभर विचार करायला लागल्याचं तिला दिसलं. "मग असं करतो," तो म्हणाला, "तानुबाईचा भाचा ट्रकवर हाय कराडला. त्येला सांगतो. येवढं सगळं सामान एश्टीनं कसं यायचं? ट्रकच लागंल."

एक पत्र्याची ट्रंक, एक स्टोव्ह, दोन पातेली, एक घागर, एक वाकळ. गाडीच्या टपावर एका कोपऱ्यात बसून येईल इतकं. राहीबाईनं तोंड उघडलं. आकाराम डोळे बारीक करून लांब कुठंतरी बघत होता. त्या ट्रकात तिचं सामान त्याला स्वच्छ दिसत होतं, रचलेलं, दोरीनं आवळलेलं, फाळक्याच्या वर आलेलं.

"सांगा," ती म्हणाली. "ट्रकच सांगा."